आकाशाच्या रेडिओ सर्वेच्या चित्रांतून सुपरनोव्हाचे, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांचे, अवशेष शोधायला कोणती पद्धत घ्यावी, एज डिटेक्शन (चित्रातल्या कडा शोधणं) की न्यूरल नेटवर्क?

दोन्ही नको. निदान सुरुवातीला तरी नको.

2018 साली लातूरला एम.एस्सी. कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट मी याच विषयावर केला. अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या थॉर सर्वेची 1.4 गिगाहर्ट्झची चित्रं रात्री होस्टेलवर उतरवून घ्यायची, मीडियन फिल्टर (प्रत्येक बिंदूच्या जागी आजूबाजूच्या बिंदूंची मधली किंमत ठेवणारा) लावून आकाशगंगेच्या पट्ट्याचा पसरट उजेड वजा करायचा, ठिपक्यांसारखे स्रोत पुसायचे आणि उरलेल्यावर हफ ट्रान्सफॉर्म, म्हणजे चित्रातले गोल हुडकणारी पद्धत, चालवायचा. पहिल्याच आठवड्यात ढीगभर गोल सापडले. चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसे. मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

मग स्पिट्झर दुर्बिणीची त्याच जागांची 24 मायक्रॉनची, म्हणजे अवरक्त, चित्रं शेजारी ठेवली. जवळपास सगळी खळी तिथंही लखलखत होती. म्हणजे तापलेली धूळ, म्हणजे एच-टू ढग, नव्या तप्त ताऱ्यांभोवतीचा आयनित वायू. रेडिओत उजळ आणि अवरक्तात मंद, ही अवशेषाची खूण, अशी तीनच उरली, आणि तिन्ही ग्रीन यांच्या माहीत असलेल्या अवशेषांच्या कॅटलॉगात आधीपासून होती. मला आनंद झाला. चाळणी बरोबर चालते याचा तोच पुरावा होता.

हे सगळं मी प्रबंधात वेगळं प्रकरण करून लिहिलं. गाइड सर म्हणाले, "हे फिजिक्सवाल्यांचं काम आहे. तू कडा शोधायचं बघ, ते काढून टाक." मी काढलं नाही. व्हायव्हात 'विषयाबाहेर' म्हणून मार्क कापले. थॉरच्या गटानं 2017 मध्ये 76 नवे उमेदवार जाहीर केले ते रेडिओ आणि अवरक्त चित्रांची अशीच तुलना करून. तो पेपर मी सरांच्या टेबलावर ठेवला होता. त्यांनी उघडून बघितला नाही.

न्यूरल नेटवर्कचं म्हणाल तर आपल्या आकाशगंगेतले पक्के अवशेष जेमतेम 300. नुसत्या रेडिओ चित्रांवर शिकवलं तर ते गोल ओळखायला शिकेल, अवशेष नाही. वापरायचंच असेल तर अवरक्त चित्र दुसरं चॅनेल म्हणून द्या.

हो, फिल्टरची खिडकी अवशेषापेक्षा बरीच मोठी ठेवा, नाहीतर फिल्टर अवशेषच गिळतो. सगळ्यांना कडं नसतं, क्रॅब या प्रसिद्ध अवशेषाला नाही. काही अवशेष अवरक्तातही दिसतात, म्हणून दोन फ्रिक्वेन्सींवरून स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्रिक्वेन्सीनुसार उजेड किती बदलतो तो आकडा) काढाच. कवचवाल्या अवशेषाचा उणे 0.5 च्या आसपास येतो, एच-टू ढगाचा उणे 0.1 च्या जवळ. आणि गाइडनी कितीही सांगितलं तरी हे प्रकरण प्रबंधातून काढू नका.