पत्रास कारण की : वॉशिंग्टनचे अनवाणी शिपाई आणि जेफरसनला न मिळालेलं कापड

मागच्या अंकात अमेरिकेच्या पहिल्या पिढीतल्या पुढाऱ्यांच्या आणि सेनापतींच्या पत्रांवर लिहिलं होतं. त्यावर पिशवीभर पत्रं आली. जागा आहे तेवढे प्रश्न घेते.

बाई, लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आमच्या शाळेच्या व्हरांड्यात फ्रेम करून लावलंय. माझा मुलगा म्हणतो, ते बनावट आहे. खरं काय? – एक शिक्षिका, सांगली जिल्हा

मुलाचं बरोबर आहे. लिंकन आपल्या विषयापेक्षा दोन पिढ्या नंतरचा, पण महाराष्ट्रात अमेरिकन पत्रांचा विषय काढला की हा प्रश्न येतोच, म्हणून एकदाचं सांगून टाकते. लिंकनच्या समग्र लेखनाच्या खंडांत हे पत्र नाही. त्यावर ना तारीख, ना गाव, ना हेडमास्तरांचं नाव. चार मुलांपैकी कोणासाठी लिहिलं, तेही नाही. मराठी रूपांतर मात्र असं उतरलंय की ते खरं निघावं असं वाटत राहतं. भिंतीवर राहू द्या हवं तर, फक्त खालचं लिंकनचं नाव काढा.

खरं पत्र तपशिलाने ओळखू येतं. २३ डिसेंबर १७७७ रोजी व्हॅली फोर्जच्या छावणीतून, इंग्रजांशी लढणाऱ्या अमेरिकन सैन्याचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याने काँग्रेसचा, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधिसभेचा, अध्यक्ष हेन्री लॉरेन्स याला लिहिलं, की आता हे सैन्य उपाशी तरी मरेल, मोडेल तरी, नाहीतर पांगेल. पुढे आकडा दिलाय : पायात जोडा नाही, अंगावर धड कपडा नाही म्हणून २,८९८ माणसं कामाला निकामी. बनावट पत्र लिहिणाऱ्याने ‘हजारो शूर सैनिक’ लिहून मोकळं व्हायचं ठरवलं असतं. हा माणूस हजेरीपट समोर घेऊन बसलाय, आणि चिडलाय. ऊबदार खोलीत शेकोटीपाशी बसून आमच्यावर ताशेरे ओढणं सोपं, उघड्या टेकडीवर बर्फात पांघरुणाशिवाय झोपून दाखवा, असं त्याच पत्रात सुनावलंय. रोख पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाकडे होता.

ही पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर २०१३ पासून फुकट वाचता येतात. मोबाइलवर कोणी वॉशिंग्टन, फ्रँकलिन किंवा जेफरसनचं सुभाषित पाठवलं, तर तिथे शोधून बघा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. त्या काळी पत्राचे पैसे कोण भरायचं? आणि पाठवलेलं पत्र तर समोरच्याकडे गेलं, मग लिहिणाऱ्याच्या कागदांत ते सापडतं कसं? – एक वाचक, कोल्हापूर

पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याने भरायचे. तुमच्या खात्याच्या भाषेत, बहुतेक सगळा बटवडा नॉटपेड! दर कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर. पाकीट वापरलं तर तोही एक कागद मोजला जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करत आणि पाठीवर पत्ता लिहीत. जाणारा ओळखीचा भेटला तर त्याच्या हाती देणं सगळ्यांत बरं.

तुमच्याच खात्यातली एक भानगडही सांगते. बेंजामिन फ्रँकलिन १७५३ पासून ब्रिटिश सरकारतर्फे वसाहतींच्या टपालाचा एक प्रमुख होता. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन याची खासगी पत्रं फ्रँकलिनच्या हाती लागली, त्याने ती बॉस्टनला पाठवली आणि तिथे ती छापून आली. १७७४ च्या जानेवारीत नोकरी गेली. पुढच्याच वर्षी जुलैत बंडखोर काँग्रेसने त्याला आपला पहिला पोस्टमास्तर जनरल नेमलं. खातेनिहाय चौकशीत असं नशीब कोणाला लाभतं?

आता नकलांचं. वॉशिंग्टनच्या युद्धकाळातल्या पुष्कळ पत्रांवर सही तेवढी त्याची असते, अक्षर टेन्च टिल्घमन किंवा अलेक्झांडर हॅमिल्टन या त्याच्या तरुण चिटणिसांचं. १७८१ मध्ये काँग्रेसची परवानगी काढून त्याने रिचर्ड व्हॅरिक नावाच्या अधिकाऱ्याला कारकून दिले आणि लढाई चालू असतानाच सगळं दप्तर सुवाच्य उतरवून घ्यायला लावलं. त्याचे ४४ खंड झाले. जेफरसनने जेम्स वॉटचं नकलेचं यंत्र घेतलं. ताज्या शाईवर पातळ ओलसर कागद ठेवून दाबायचं, उमटतं उलटं, पण कागद इतका झिरझिरीत की पाठीमागून सुलटं वाचता येतं. पुढे तर त्याच्याकडे दोन टाकांचं यंत्र आलं. एक टाक हाताने चालवायचा, दुसरा शेजारच्या कागदावर तेच लिहीत जातो.

इतकी काळजी घेणाऱ्याला आपलं पत्र पुढे कोणीतरी वाचणार, हे ठाऊक असतं. म्हणून माझा शिरस्ता असा : एकटं पत्र वाचायचं नाही, उत्तर हुडकायचं. उत्तर नसेल तर त्याच माणसाने त्याच विषयावर तिसऱ्या कोणाला काय लिहिलं ते बघायचं.

जिथे ही सोय नाही तिथे हळहळ वाटते. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार जाळून टाकला. मोजकी पत्रं बचावली, त्यांतलं एक १८ जून १७७५ चं. सरसेनापतिपद घ्यावं लागतंय, मृत्युपत्र करून सोबत पाठवतोय, असं सगळं गंभीर लिहून झाल्यावर ताजा कलम : तुझ्यासाठी दोन पोशाखांचं मलमल घेतलंय, सगळ्यांत सुंदर हेच असं मला सांगण्यात आलं, पन्नास शिलिंगांना एक पडला, तुला आवडावा. त्यावर मार्था काय म्हणाली असेल!

ॲडम्स आणि जेफरसन दोघेही राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांचा कित्येक वर्षं अबोला होता म्हणतात. मग मिटलं कसं? – एक वाचक, डोंबिवली

१८०० च्या निवडणुकीत जेफरसनने ॲडम्सला हरवलं. पुढच्या मार्चमध्ये शपथविधीच्या दिवशी ॲडम्स पहाटेच राजधानी सोडून निघाला, समारंभाला थांबला नाही. १८०४ मध्ये जेफरसनची मुलगी मेरी वारली. ती लहानपणी लंडनमध्ये काही आठवडे ॲडम्सच्या बायकोकडे, ॲबिगेलकडे राहिली होती, म्हणून ॲबिगेलने सांत्वनाचं पत्र टाकलं. पण त्यातून जुने हिशेब निघाले, आणि थोड्याच पत्रांत पुन्हा सामसूम. नवऱ्याला तिने हे सगळं आटोपल्यावर दाखवलं.

मधे पडला तो फिलाडेल्फियाचा डॉक्टर बेंजामिन रश. १८०९ मध्ये त्याने ॲडम्सला लिहिलं, की मला स्वप्न पडलं, तुमच्या दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झालाय. मध्यस्थाने ‘मला स्वप्न पडलं’ म्हणून सुरुवात करणं म्हणजे कमालच. तरी दोन वर्षं कोणी हललं नाही. मग जेफरसनच्या शेजारचे दोघे तरुण ॲडम्सकडे जाऊन आले, आणि मी जेफरसनवर नेहमीच प्रेम केलं, अजूनही करतो, हे त्याचं बोलणं इकडे पोचलं.

१ जानेवारी १८१२ रोजी ॲडम्सने आखूडसं पत्र लिहिलं : तुम्हाला देशी कारखानदारीची आवड, तेव्हा आमच्या भागात नुकतंच तयार झालेलं घरी विणलेलं कापड, दोन नग, टपालाने पाठवतोय. पत्र पोचलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसनने २१ जानेवारीला उत्तर लिहायला घेतलं आणि कापड अजून आलं नाही तरी आगाऊ आभार मानून गाडी विणकामावर नेली. तुमच्याकडे बारीक माल होतो, आमच्याकडे जाडंभरडं आणि मध्यम, इथे घराघरात कारखाना आहे, पिंजायचं यंत्र, सूत काढायचं यंत्र, धोट्याचा माग… मग कुठे त्याला जुने दिवस आठवले आणि आपण एकाच कामाचे सोबती होतो हे वाक्य आलं.

हे पत्र टपालात टाकायला गेलेला गडीच येताना पुडकं घेऊन आला. आत पुस्तकाचे दोन खंड! ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी हार्वर्डला वक्तृत्वावर व्याख्यानं देत असे, ती छापलेली. बापाने कौतुकाने त्यांना घरचं कापड म्हटलं होतं. जेफरसनने लगेच दुसरं पत्र लिहिलं : मी जरा अधिक डोकं चालवलं असतं तर आमच्याकडच्या खऱ्या कापडावरचं लांबलचक प्रवचन वाचण्याचा तुमचा त्रास वाचला असता.

मला वाटतं, समेट त्या प्रवचनामुळेच सोपा झाला. निवडणुकीचा विषय काढायला दोघेही घाबरत होते, कापडावर मात्र पानभर बोलता आलं. पुढच्या चौदा वर्षांत दोघांमध्ये १५८ पत्रं झाली. ॲडम्सची १०९, जेफरसनची ४९. बोलका कोण होता ते सांगायला नको.

मुलीला शाळेत ॲबिगेल ॲडम्सच्या ‘रिमेंबर द लेडीज’ या ओळीवर पोस्टर करायचंय. पोस्टरवर अजून काय घालता येईल? – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

नवऱ्याचं उत्तर घालायला सांगा. ३१ मार्च १७७६ रोजी ॲबिगेलने लिहिलं, की नवे कायदे कराल त्यात बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती बेबंद सत्ता देऊ नका, नाहीतर आम्हीही बंड करू. १४ एप्रिलला जॉनने कळवलं, की तुझी कायद्यांची संहिता वाचून मला हसूच आवरत नाही. त्यावर तिने मैत्रीण मर्सी वॉरेन हिला लिहिलं, की मी बायकांच्या तक्रारींची यादी धाडली आणि हे गृहस्थ उर्मटपणा करतात. नवऱ्यालाही ७ मे रोजी साफ कळवलं, की तुम्ही स्त्रियांशी फार उदारपणे वागता असं मला म्हणवत नाही.

कोपऱ्यात टाचण्यांची एक पुडीही काढायला सांगा. आधीच्या वर्षी तिने त्याच्याकडे टाचण्या मागितल्या होत्या : साडेसात शिलिंगांचा माल वीस शिलिंगांना झालाय, येताना ट्रंकेत घालून आणा.

जेफरसन गुलामगिरीच्या विरोधात होता की नव्हता? दोन्हीकडची अवतरणं सापडतात. – एक विद्यार्थी, नागपूर

बेंजामिन बॅनेकर हा मेरीलँडमधला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस, स्वतः गणित करून पंचांग काढणारा. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने हस्तलिखित पंचांग जेफरसनला पाठवलं आणि सोबतच्या पत्रात ‘सर्व माणसं समान’ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं त्याचंच वाक्य त्याच्यापुढे धरलं. अकरा दिवसांत गोड उत्तर आलं : असे पुरावे पाहायला माझ्याइतकं उत्सुक कोणी नसेल, पंचांग मी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या सचिवाकडे धाडतोय. तिथे थांबलात तर जेफरसन उदार ठरतो. बॅनेकर वारल्यावर, १८०९ मध्ये, जोएल बार्लो या मित्राला लिहिताना हाच जेफरसन म्हणतो, की बॅनेकरचं एक लांब पत्र माझ्याकडे आहे, त्यावरून बुद्धी अगदीच सामान्य दिसते. पंचांगात शेजाऱ्याची मदत असावी असा संशयही घेतलाय. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं त्याच्या मालकीची होती. अवतरण कुठलंही घ्या, त्याखाली कोणाला लिहिलं ते नाव आवर्जून लिहा.

या सगळ्याचा आपल्या पेशवाईशी काही संबंध? – एक वाचक, मिरज

एका माणसापुरता आहे. १७ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनहून इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस याने वॉशिंग्टनला चार ओळी लिहिल्या : चोवीस तास लढाई थांबवावी, दोन्हीकडचे दोन-दोन अधिकारी मूर यांच्या घरी बसून शरणागतीच्या अटी ठरवतील. वॉशिंग्टनने दिले दोनच तास. १९ तारखेला शस्त्रं खाली ठेवताना कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, दुय्यम अधिकाऱ्याला पुढे केलं.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूवरच्या मोहिमेत मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणाजवळून मागे फिरला, तेव्हा बैल मेलेले, तोफा निकामी केलेल्या, फौज उपाशी. मेलकोट्याजवळ समोर घोडदळ दिसलं. शत्रू वाटला, निघाले इंग्रजांच्या बाजूने आलेले पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या छावणीच्या बाजारात धान्यापासून शाली-जवाहिरापर्यंत सगळं होतं, दर चढे. इंग्रज फौज त्यावर तगली. तुम्ही मिरजेचेच, तर पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली आहेत. कॉर्नवॉलिसची बाजू इंग्रजीत सहज मिळते. ती वाचलीत तर खऱ्यांचे खंडही शेजारी उघडे ठेवा.