फॅन फिरतोय तरी सिग्नलला तापमानाचा काटा चढतो : मॉडिफाइड पद्मिनीत आधी काय तपासायचं?

"मोठा फॅन टाका" आणि "डायरेक्ट करून टाका" (म्हणजे फॅन कायम चालू) असे दोन सल्ले तुम्हाला मिळालेत. दोन्हीपैकी एकही घेऊ नका. फॅन बदलायच्या आधी व्होल्टेज मोजा, तेही फॅन फिरत असताना.

तुमचं म्हणणं असं की १९८७ ची पद्मिनी आहे, इंजिन दुसरं घातलंय, अल्टरनेटर आहे, मूळचा पंखा काढून मारुतीचा जुना इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या मागं बसवलाय. शिरोली ते कागल हायवेला काटा मध्यावर राहतो, पण कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला पाच मिनिटं अडकलं की वर जातो. १५ अँपिअरचा फ्यूज तीनदा गेला म्हणून मेकॅनिकनं ३० चा घातला.

हायवेला गाडी थंड राहते यातच निम्मं उत्तर आहे. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढं वाराच फॅनचं काम करतो, तेव्हा फॅन असला काय नि नसला काय. म्हणजे रेडिएटरची जाळी, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) ढोबळमानानं ठीक आहेत. उभ्या गाडीत पुरेशी हवा ओढली जात नाही, एवढाच दोष.

एक मिनिटाची तपासणी आधी करा. वर्तमानपत्राचं पान पुढच्या ग्रिलसमोर धरा. फॅन जाळीच्या मागं आहे, म्हणजे पान ग्रिलला चिकटायला पाहिजे. उडून अंगावर आलं तर फॅनच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. डीसी मोटर उलटीही तितक्याच उत्साहानं फिरते, बघणाऱ्याला कळत नाही.

पान चिकटतंय, पण मरगळल्यासारखं? मग मल्टिमीटर काढा. इंजिन चालू, फॅन चालू. पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन टोकांवर, ते १३.८ ते १४.४ व्होल्ट पाहिजे. दुसरं फॅनच्या कनेक्टरमध्ये मागून पिना खुपसून. दोन्हीतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर वायरिंगला हात लावू नका. जास्त असेल तर तो कुठं गळतो ते शोधा: एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी फॅनच्या प्लसला, जे दिसेल ती प्लसकडची गळती. तसंच मायनस ते मायनस. प्लसकडं ०.५ आणि मायनसकडं ०.२ च्या वर गेलं की तिथं काम आहे. कनेक्टर काढून मोजू नका. करंटच वाहत नसेल तर एका केसाएवढ्या तारेवरही मीटर पूर्ण १२ दाखवतो. मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरींना लावून बघा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, वायर किंवा सांधा फारच खराब असेल तर बल्ब मंद पेटतो.

हे इतकं खोलात सांगतोय कारण उद्यमनगरात याच विषयावर एका थोरल्या मिस्त्रींशी माझं वाजलेलं आहे. समोर जुनी जीप होती, पेट्रोल इंजिन घातलेली, चेसिसला नवंकोरं काळं पावडर कोटिंग. मालकाचे दोन फॅन बदलून झाले होते, तिसरा मोठा मिस्त्री सुचवत होते. रीडिंग असं: बॅटरीवर १३.९, फॅनवर १०.६. म्हणजे ३.३ व्होल्ट वाटेतच संपले. त्यातले २.१ अर्थिंगकडं आणि १.२ प्लसकडं. पाऊण भाग व्होल्टेजवर कुठला फॅन हवा ओढणार? मोठा घातला असता तर तो जास्त अँपिअर मागणार, तेवढीच गळती वाढणार.

अर्थिंगची वायर चेसिसच्या एका बोल्टला होती. बोल्ट घट्ट, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत, बघून कुणीही पास करेल. थिंबल काढली तर खाली कोटिंग जसंच्या तसं. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि आट्यांतही पावडर. रंग दिसायला भारी, पण विजेला तो रबरच. तिथं बोटाच्या पेराएवढी जागा पॉलिश पेपरनं पांढरी केली, दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली फासली. शिवाय इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसला जाडी पट्टी टाकली, कारण आधीची होती ती गंजून हिरवी झालेली. गळती २.१ वरून ०.१ वर आली.

प्लसकडची गोष्ट आणखी मजेशीर. फॅनचा सगळा करंट चावीतून आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या टॉगल स्विचमधून जात होता. त्या जीपची दुसरी तक्रार होती की फॅन चालू असताना चावी बंद केली तरी इंजिन दोन सेकंद गुरगुरतं. मिस्त्रींचं मत, "कार्बन धरलाय, हेड खोला." आधी फॅनचा टॉगल बंद केला, मग चावी: इंजिन जागच्या जागी बंद. वेगात फिरणारा फॅन चावी बंद झाल्यावर जनरेटर होतो आणि त्याच वायरीतून कॉइलला उलटा करंट देतो. हेड खोलायचं काही कारणच नव्हतं. प्लस थेट बॅटरीवरून रिलेतून (बारीक करंटानं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घेतला, तो दोष गेला, गळती ०.४ झाली, फॅनला १३.४ मिळाले. फॅन तोच जुना. मिस्त्री आजही म्हणतात तो योगायोग.

तर तुमच्या गाडीत वायरिंग असं हवं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, तिथून ४ स्क्वेअर एमएमची वायर ४० अँपिअरच्या रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला (पिनांवर नंबर छापलेले असतात). ८७ वरून तशीच वायर फॅनच्या प्लसला. ८६ ला चावीवरची बारीक वायर, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८५ वरून बारीक वायर रेडिएटरच्या थर्मोस्विचला (पाणी ठरावीक तापलं की जुळणारा स्विच), स्विच ती अर्थ करतो. फॅनचा मायनस चेसिसला नको, सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. थिंबल योग्य पक्कडीनं दाबा. पिळून काळी टेप गुंडाळलेला सांधा इंजिनच्या उष्णतेत वर्षभरही धड राहत नाही.

फ्यूज तुमच्या फॅनला नाही, वायरीला जपतो. आत्ता वायर दीड स्क्वेअर एमएमची असेल आणि फ्यूज ३० चा, तर उद्या शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत आणि वायर लाल होईल. अडीचला २० आणि चारला ३० हा हिशोब धरा. पण १५ चा तीनदा का गेला? गेलेला फ्यूज टाकला नसेल तर नीट बघा. आतली पट्टी मध्येच स्वच्छ तुटली असेल तर करंट खरंच जास्त झाला: सुरू होताना मोटर चालू करंटाच्या दोन-तीन पट खेचते, आणि बुश घट्ट झालेली जुनी मोटर कायमच जादा ओढते. प्लास्टिक पायाजवळ तपकिरी झालं असेल तर होल्डरची पकड ढिली आहे. ढिल्या पकडीत फ्यूज स्वतः तापतो आणि कमी करंटलाही वितळतो. मग होल्डर बदला, आकडा वाढवू नका. मोटरचा करंट क्लॅम्प मीटरनं बघा, पण तो डीसी मोजणारा आहे ना याची खात्री करा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसीवाले असतात आणि गंभीर चेहऱ्यानं शून्य दाखवतात.

थर्मोस्विच घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी, त्यात स्विचचं फक्त टोक बुडवून, सोबत थर्मामीटर, मीटर कंटिन्युइटीवर. ९२/८७ चा स्विच ९२ ला जुळतो, थंड होताना ८७ ला सुटतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, पाणी इथं ९८ च्या आसपास उकळतं, म्हणून १०० च्या पुढचा स्विच पातेल्यात जुळणार नाही, त्याला खराब ठरवू नका. एका पिनचा स्विच असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, त्याची अर्थ तिथूनच जाते. प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला दोन पिनचाच घ्या. आणि स्विचचा आकडा थर्मोस्टॅटपेक्षा ८-१० अंश वर हवा. ८८ च्या थर्मोस्टॅटवर ८७ ला सुटणारा स्विच घातला की उभ्या गाडीत फॅन थांबायचं नावच घेत नाही, मग लोक म्हणतात रिले चिकटला.

डायरेक्ट का नको? हायवेला विनाकारण दहा-बारा अँपिअर खर्च, मोटरचे कार्बन ब्रश लवकर झिजतात, आणि फॅन बंद पडल्याचं काटा वर गेल्यावरच कळतं. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर मुंगीच्या पावलानं चढायचं असेल तर हातात स्विच हवाच, ते मान्य. पण तो ८५ ची बारीक वायर अर्थ करणारा टॉगल, थर्मोस्विचच्या जोडीला समांतर. त्यातून पाव अँपिअरही जात नाही.

मोठ्या फॅनबद्दल विचारलंत, तर आहे त्याला आधी चारी बाजूंनी पत्र्याचं कव्हर करा. उघडा फॅन जाळीच्या फक्त आपल्या गोलाएवढ्या भागातून हवा ओढतो, कोपरे कोरडेच. आणि केबल टाय जाळीतून ओवून बसवला असेल तर आजच काढा, घासून नळी फुटते.

काटा हळूहळू न चढता फॅन लागताच टुणकन उडी मारत असेल तर ती उष्णता नाही, अर्थिंगच आहे. पाणी इतक्या झटक्यात तापत नाही.

वरचं सगळं अल्टरनेटर आहे म्हणून. हे वाचणाऱ्या कुणाच्या गाडीत जुना डायनामो असेल तर तो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. तिथं रिले-बिले सगळं नीट करूनही ट्रॅफिकमध्ये फॅन बॅटरी खातच राहील. फॅनवर १३ च्या वर मिळूनही तुमची गाडी तापलीच, तर माझा वाद संपला, जाळी रॉडिंगला (नळ्या सळईनं साफ करायला) द्या. हात घालताना बॅटरीचा मायनस काढलेला असू द्या, चावी चालू राहिली तर गरम इंजिनवर फॅन न सांगता सुरू होतो. रेडिएटरचं झाकण थंड झाल्यावरच.