लष्करी ट्रकचा गिअरबॉक्स पिकअपमध्ये बसवताना

अमेरिकन लष्कराच्या एम-३५ ट्रकचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाऊ नकोस. आधी गिअरबॉक्सवरची मॉडेलची प्लेट वाच. स्पायसर ३०५३ असेल तर पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बाहेर जाणारा शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो. ३०५२ असेल तर पाचवा थेट, म्हणजे शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने, मग हायवेवर इंजिन बोंबलतच राहणार.

तुझी फोर्ड एफ-२५० ही १९७६ची, हे नशीबच म्हणायचं. त्या गाड्यांत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट. लष्करी ट्रकातही तीच रचना, त्यामुळे अर्धं दुखणं सुटलं. पण नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब असेल तर तो शाफ्ट आणखी आखूड होतो आणि युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन मोजल्याशिवाय क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला आधार देणारी चेसीची आडवी पट्टी) वेल्ड करू नकोस.

खरी मेख बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या कवचात. बोल्ट जुळले म्हणजे झालं असं नाही. क्रँकच्या मागे डायल गेज लाव आणि क्रँक फिरवून हाउसिंगचं भोक मध्यावर आहे का बघ. फरक पाच थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत यायला हवा. मी हे एकदा टाळलं होतं. क्लच दाबला की बारीक किणकिण यायची. खोललं तर पायलट बेअरिंगचा (क्रँकच्या टोकाशी इनपुट शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगचा) चुरा हातावर आला. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) मोजूनच क्लच प्लेट माग.

गिअरबॉक्स वजनदार आहे, छातीवर घेऊन बसवायच्या भानगडीत पडू नकोस, ट्रान्समिशन जॅक भाड्याने आण. गिअर लिव्हरसाठी फ्लोअर कापावाच लागेल.

पहिल्या गिअरला सिंक्रो (दात्यांचा वेग जुळवून देणारी रचना) नाही. गाडी पूर्ण थांबल्यावरच टाक.