बार मित्स्वा मुलाचा, प्रकल्प आत्याचा

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. फेब्रुवारीत मुलाला तेरा पूर्ण होतील, बार मित्स्वा आहे, म्हणजे धर्माच्या दृष्टीने तो मोठा होणार आणि सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनालयात, तोरा हा धर्मग्रंथ वाचणार. न्यू जर्सीच्या नणंदबाई म्हणतात, तिकडे मुलं त्यासोबत समाजकार्याचा प्रकल्प करतात, यानेही करायचा. वेबसाइट, टी-शर्ट, किती डॉलर जमवायचे, सगळी यादीच आली. यजमानांना पटलंय. मुलगा म्हणतो, मला फक्त आजोबांच्या गावच्या कबरस्तानातलं गवत काढायचंय. त्यात तोराच्या एका ओळीवर अडतो आणि दार लावून बसतो. काय करू?

उत्तर : आधी ते दार उघडू. सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणा नसतात, नुसती अक्षरं. पाठ नसेल तर मोठेही अडखळतात. शब्द चुकला की शेजारी उभा असलेला सुधारून देतो, वाचणारा तो पुन्हा म्हणतो आणि पुढे जातो. कोणी हसत नाही. हे त्याला माहीत आहे का? नसेल तर येत्या शनिवारी सिनेगॉगमध्ये अगदी पुढे बसवा, कानांनी ऐकू दे.

तरी धास्ती राहिलीच तर गुरुवार धरा. सोमवारी नि गुरुवारीही तोरा वाचतात. वाचन आटोपशीर, तोरापुढे तिघांनाच बोलावतात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला नि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) बांधत नाहीत, फोटोही काढत नाहीत. गुरुवारी दोन्ही होतं, नणंदबाईंचा अर्धा रुसवा तिथेच जाईल.

आता प्रकल्प. तो धर्मात कुठे सांगितलेला नाही, अमेरिकेतली अलीकडची रीत आहे. चांगली आहे, माझा विरोध नाही. पण त्या दिवशी वडील काय म्हणतात ते यजमानांना आठवून द्या : या मुलाच्या दोषाच्या भारातून ज्याने मला मोकळं केलं, तो धन्य. इकडे हे म्हणायचं आणि तिकडे पोराच्या पुण्याईचे टी-शर्ट आपणच छापून घ्यायचे!

शिवाय त्याला जे सुचलंय त्याला हिब्रूत नाव आहे, हेसेद शेल एमेत, खरीखुरी दया. मेलेला माणूस परतफेड करत नाही, म्हणून खरी. तेरा वर्षांच्या पोराला हे आपणहून सुचलं, मला तर कौतुकच वाटलं.

फक्त पावसाळ्यात पाठवू नका, त्या गवतात साप असतात. दिवाळीनंतर, शनिवार सोडून, कबरस्तानाची व्यवस्था बघणाऱ्यांना विचारून जा. गमबूट, जाड हातमोजे, विळा, आणि सोबत आजोबा. दगडांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशाने घासू नका, अक्षरं झिजतात. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आपल्याकडे कित्येक दगडांवर हिब्रूखाली मराठी असतं. ती नावं त्याला वहीत उतरवू द्या : नाव, वडिलांचं नाव, आणि ते शेवटी ‘कर’ लागलेलं गाव. वही भरली की नणंदबाईंची वेबसाइट कामाला येईल. नावांची यादी त्यांनी तिथे चढवावी, न्यू जर्सीतल्या भावंडांनी टाइप करावी.

हे सगळं आत्याला त्याने स्वतः फोन करून सांगायचं. तुम्ही मध्ये पडू नका, यजमानांनाही पडू देऊ नका. मलिदा, म्हणजे आपला पोहे-नारळाचा प्रसाद, मात्र तुमच्याकडेच ठेवा. तेरा वर्षांच्या मुलाला नारळ खवायला दिला तर पोहे संध्याकाळपर्यंत वाट बघतील.