प्रेसवरचे प्रशिक्षण आणि मोबाइल

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील एका प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग घडवण्याच्या विभागात) मी पर्यवेक्षक आहे. तीन पाळ्यांतील कामगारांना एकत्र बोलावणे जमत नसल्याने सुरक्षा प्रशिक्षण मोबाइलवरून ऑनलाइन देण्याचे घाटत आहे. तेवढे पुरेसे होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धे काम होईल. धोके कोणते, गार्ड (यंत्रावरचे संरक्षक आवरण) कशासाठी, रसायनाच्या पिंपावरील चिन्हांचा अर्थ काय, हे सारे दहा-दहा मिनिटांच्या चित्रफितींतून उत्तम शिकवता येते. शिवाय रात्रपाळीच्या आणि नव्याने आलेल्या कंत्राटी कामगारालाही तोच धडा मिळतो. मात्र प्रेसमधील डाय, म्हणजे साचा, बदलण्याचे उदाहरण घ्या. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचे जड चाक, काही काळ फिरतच राहते, आणि तेवढ्यात त्याची गती पुढे जोडणारा क्लच लागला तर रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली येतो. म्हणून चाक पूर्ण थांबल्याची खात्री करून, मेन स्विचला कुलूप लावून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून आणि रॅम खाली येऊ नये म्हणून मध्ये सेफ्टी ब्लॉक (आधाराचा ठोकळा) बसवूनच हात आत घालायचा असतो. हे पाहून कळते, पण अंगवळणी पडते ते स्वतःच्या मशिनवर, जाणत्या सेटरसमोर (डाय बसवणाऱ्या कारागिरासमोर) दोन-चार वेळा केल्यावरच.

कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 1987 साली घातलेल्या कलम 111-अ ने प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क मानला, हे व्यवस्थापनास जरूर सांगावे. धडे कामाच्या वेळेतच ठेवावेत, भाषा मराठीबरोबर हिंदीही असावी. जेवणाच्या सुट्टीत एकाच फोनवरून धड्यांवरील प्रश्नांची सर्वांची उत्तरे भरली गेली, तर ती केवळ कागदोपत्री हजेरी ठरेल.