सोनोग्राफीत व्हायरस दिसतो का?

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. दहा दिवसांपूर्वी डाव्या स्तनात आग व्हायला लागली, मग तीन दिवसांनी बारीक पाण्याचे फोड आले, लालसर सूज आली. अँटिबायोटिकने काही फरक नाही. सोनोग्राफीत त्वचा जाड झालीय, आत सूज आहे, काखेतल्या गाठी वाढल्यात, पण पू नाही आणि स्तनात गाठ नाही असं आलंय. डॉक्टर म्हणतात व्हायरल असेल. मग रिपोर्टमध्ये तसं का लिहिलं नाही? कॅन्सर तर नसेल ना, झोप लागत नाहीये.

उत्तर : ताई, भीती वाटणं साहजिक आहे, पण आधी हे सांगते की सोनोग्राफीत व्हायरस दिसतच नाही, दिसते ती फक्त सूज, आणि सूज कशामुळेही आली तरी जवळपास सारखीच दिसते. त्वचा एरवी साधारण २ मिलिमीटर असते ती जाड होते, खालच्या चरबीत पाणी साचून ती धुरकट दिसते, डॉपलर लावला तर रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. काखेतल्या गाठीची कड ३ मिलिमीटरपेक्षा जाड झाली तर आम्ही ती वाढली म्हणतो, पण मधला चरबीचा पांढरा भाग शाबूत असेल तर बहुतेक वेळा ती इन्फेक्शनशी लढतेय एवढाच अर्थ असतो. म्हणून तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे 'पू नाही, स्तनात गाठ नाही' ही, कारण पू असता तर तो सुईने काढावा लागला असता.

स्तनाला व्हायरल इन्फेक्शन होतं, पण क्वचित. आधी आग आणि मग एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड म्हणजे नागीण असण्याची शक्यता जास्त, कांजिण्यांचाच व्हायरस मज्जातंतूत लपून बसतो आणि पुढे कधीतरी उठतो. दुसरा हर्पिस सिम्प्लेक्स, तो अंगावर पाजणाऱ्या आईला बाळाच्या तोंडातून होऊ शकतो आणि तान्ह्या बाळाला तो फार धोक्याचा असतो, अशा वेळी फोड असलेल्या बाजूने पाजायचं नाही. कुठला व्हायरस ते फोडातल्या पाण्याच्या पीसीआर (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीतून कळतं, फोड ताजा असेल तर उत्तम, पण नागिणीत खपलीवरूनही ती करता येते. नागिणीचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू केलेलं सगळ्यात चांगलं, तरी अजून नवे फोड येत असतील तर आता द्यायलाही अर्थ आहे, आजच विचारा.

कॅन्सरचं म्हणाल तर खरं सांगायला हवं, इन्फ्लमेटरी नावाचा एक प्रकार सोनोग्राफीत अगदी असाच दिसू शकतो. त्यात सहसा असे पाण्याचे फोड नसतात, ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण फोड सुकल्यावरही सूज, लाली किंवा काखेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही तर 'व्हायरल आहे, जाईल' म्हणून थांबू नका, मॅमोग्राफी आणि त्वचेचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करायला सांगा. सगळं उतरलं तरी एकदा परत सोनोग्राफी कराच, आणि जाताना आताच्या फिल्म घेऊन जा, त्या शेजारी ठेवून बघितल्या की काय कमी झालं ते लगेच कळतं.