घटलेल्या आवकेसमोर हिरवा बाण का?

प्रश्न : मी नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितो. दर शनिवारी फळांच्या आवकेचा तक्ता एक्सेलमध्ये करून मालकांना देतो. त्यात मागील आठवडा, चालू आठवडा आणि टक्केवारीतील फरक असे रकाने असतात. फरकाच्या रकान्याला मी तीन बाणांचा आयकॉन सेट (आकड्यानुसार आपोआप चिन्ह दाखवणारी सोय) लावला. गेल्या शनिवारी संत्री २, मोसंबी ९ आणि डाळिंबे १५ टक्क्यांनी घटली होती, तरी संत्र्यापुढे वर जाणारा हिरवा बाण उमटला आणि मालकांनी चारचौघांत कारण विचारले. चूक कोठे झाली?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले आकडे बरोबर आहेत आणि एक्सेलनेही सांगितले तेच केले आहे, मात्र आपण त्याला ‘वाढ की घट’ असे विचारलेलेच नव्हते. आयकॉन सेट जसाच्या तसा लावला, तर तो रकान्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यांमधील अंतराचे ३३ आणि ६७ टक्क्यांवर तीन भाग पाडतो. आपल्या तक्त्यात हे अंतर उणे १५ ते उणे २ एवढे होते, त्यामुळे उणे २ सर्वांत वरच्या भागात गेले. सगळीच फळे घटली असताना सर्वांत कमी घटलेल्याला हिरवा बाण मिळाला तो यामुळेच.

दुरुस्ती सोपी आहे. नियम संपादित करताना ‘पर्सेंट’ऐवजी ‘नंबर’ हा प्रकार निवडावा, वरच्या बाणासाठी ‘शून्यापेक्षा मोठे’ आणि आडव्या बाणासाठी ‘शून्य किंवा मोठे’ अशा अटी घालाव्यात. उरलेले सर्व आकडे आपोआप खालच्या बाणाकडे जातात.

तरीही मी स्वतः सूत्रच पसंत करतो, कारण आयकॉन सेटची ही सोय गुगल शीट्समध्ये नाही आणि तक्ता पुढे कोण कशात उघडेल हे आपल्या हाती नसते. फरकाच्या शेजारच्या रकान्यात ‘इफ’ सूत्र लिहावे (फंक्शनची नावे अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावीत). अटींचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. चालू आठवड्याचा रकाना रिकामा असेल तर उत्तरही रिकामे, ही अट सर्वप्रथम हवी. अन्यथा रिकामी जागा शून्य धरली जाते आणि ज्या फळाचा आकडा अजून भरायचाच आहे, त्यापुढे शंभर टक्के घट दिसते. त्यानंतर मागील आठवडा शून्य असेल तर आडवी रेघ, मग वाढ असेल तर ▲, घट असेल तर ▼ आणि शेवटी उरलेल्यांसाठी ‘स्थिर’.

ही चिन्हे कीबोर्डवर नसतात. एक्सेल २०१३ पासून ‘युनिकॅर’ फंक्शनला ९६५० दिल्यास ▲ आणि ९६६० दिल्यास ▼ मिळते. काही जण विंगडिंग्ज ३ या फॉन्टमध्ये ‘पी’ आणि ‘क्यू’ ही इंग्रजी अक्षरे टाइप करून बाण आणतात. तो मार्ग टाळावा, कारण तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर मालकांना बाणांऐवजी नुसती अक्षरे दिसतील.

आता संगणक ज्याचे उत्तर देऊ शकत नाही असा प्रश्न : किती फरकाला वाढ म्हणायचे? अर्ध्या टक्क्याच्या फरकाला बाण दाखवला, तर एक-दोन गाड्या उशिरा पोहोचल्या तरी तक्ता मंदी सांगू लागेल. ही मर्यादा मालकांनाच विचारून ठरवावी आणि ती सूत्रात न कोंबता वेगळ्या सेलमध्ये लिहावी, म्हणजे ती सर्वांना दिसेल आणि बदलताही येईल. त्यांनी ३ टक्के सांगितले, तर गेल्या शनिवारची संत्री ‘स्थिर’ ठरतात.

आडव्या रेघेची अट आपल्याला विशेषतः अंबिया आणि मृग बहारांच्या, म्हणजे संत्र्यांच्या दोन हंगामांच्या, आरंभी उपयोगी पडेल. आदल्या आठवड्यात आवक शून्य असताना टक्केवारी काढली, की शून्याने भागल्याची चूक येते. आणि आदल्या आठवड्यात चार-दोन क्विंटलच आले असतील, तर पुढचा आकडा हजारो टक्क्यांची वाढ दाखवतो. अशा आठवड्यांत बाण न दाखवता नुसते क्विंटल लिहावेत.